आडवी बाटली जिंकायची तर आधी मतदार यादी वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या एका प्रभागात देशी दारूचं दुकान आहे आणि त्याला लागूनच परमिट रूम आहे. शाळेचा रस्ता तिथूनच जातो. महिलांनी चारशे सह्या गोळा करून निवेदन दिलं, कार्यालयाने 'सह्या अपुऱ्या' म्हणून ते परत केलं. आता विचारणा अशी की, 'उभी बाटली–आडवी बाटली' मतदान लावायला नेमकं काय करावं लागतं, आणि मतदान लागलं तर ते जिंकता येतं का?

ताई, लावता येतं आणि जिंकताही येतं. पण बहुतेक मोहिमा जिथे गळतात ती जागा दारूच्या दुकानात नसून मतदार यादीत असते. तुमचं निवेदन परत आलं तेही त्यामुळेच, आणि पुढे मतदानातही हाच हिशेब आडवा येईल. म्हणून आधी आकडे समजून घ्या. मोर्चा, घोषणा, पत्रकार हे सगळं नंतर.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम हा १९४९ चा कायदा. नाव दारूबंदीचं आणि राज्याच्या तिजोरीत हजारो कोटी रुपये येतात ते याच कायद्याखालच्या परवान्यांतून. ही गंमत बाजूला ठेवू, कारण याच कायद्याखाली शासनाने २५ मार्च २००८ रोजी काढलेल्या आदेशाने गावातल्या आणि शहरी वॉर्डातल्या मतदारांना चालू दुकान बंद करवण्याचा मार्ग मिळाला. त्याचा गाभा दोन टक्केवारींत आहे. वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी लेखी मागणी केली, आणि सह्यांची पडताळणी होऊन त्या खऱ्या ठरल्या, तर जिल्हाधिकारी गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला ५० टक्क्यांहून जास्त मतं मिळाली तर परवाना बंद.

पण ५० टक्के कशाचे? झालेल्या मतदानाचे नव्हेत, यादीतल्या एकूण मतदारांचे. मागणी महिलांच्या नावाने असेल तर मतदान फक्त महिलांचं, आणि हिशेब यादीतल्या एकूण महिला मतदारांचा. नगरसेवक निवडून यायला समोरच्यापेक्षा एक मत जास्त पुरतं, इथे तसं चालत नाही. घरी बसलेली बाई, लग्न होऊन पुण्याला गेलेली मुलगी, तीन वर्षांपूर्वी वारलेली आजी, या सगळ्यांची मतं हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूला धरली जातात. दुकानदाराला प्रचार करावाच लागत नाही. बायका घराबाहेर पडणार नाहीत एवढं पाहिलं की त्याचं काम झालं.

उदाहरणासाठी धरा की तुमच्या प्रभागाच्या यादीत महिला मतदार २,८६० आहेत. २५ टक्के म्हणजे ७१५ सह्या. तुमच्या चारशे कुठेच बसत नाहीत. मतदानात आडव्या बाटलीला लागणार १,४३१ मतं, कारण १,४३० म्हणजे बरोबर निम्मी होतात आणि आपल्याला निम्म्याहून जास्त हवीत. आता मतदान ५० टक्के झालं तर आलेल्या प्रत्येक बाईने आडवी बाटली निवडली तरी तुम्ही एका मताने हरता. ६० टक्के झालं, म्हणजे १,७१६ महिला आल्या, तर त्यातल्या शंभरपैकी ८३ हून जास्त तुमच्या हव्यात. ७० टक्के झालं तर शंभरात ७२ पुरतात. म्हणजे निकाल ठरतो तो मुख्यतः किती जणी केंद्रावर आल्या यावर. दारूचं दुकान नको म्हणणाऱ्या बायका कुठल्याही वस्तीत भरपूर असतात. त्यांना ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेत, ओळखपत्रासह आणणं हे खरं काम.

मागणी महिलांच्या नावाने करायची की एकूण मतदारांच्या? माझं मत स्पष्ट आहे, महिलांच्या नावाने. आकडा निम्म्यावर येतो, आणि पुरुषांमधल्या गिऱ्हाइकांना, उधारीवाल्यांना, दुकानदाराच्या मित्रमंडळींना मतदानात जागाच राहत नाही. पुरुष कार्यकर्त्यांनी गल्लीबोळ फिरावं, रिक्षा लावाव्यात, कागद टाईप करावेत. सही आणि मत मात्र बायकांचं.

आता 'वॉर्ड' म्हणजे काय हा वरवर साधा दिसणारा प्रश्न. नगरपरिषदेत बहुधा दोन नगरसेवकांचा प्रभाग असतो, महापालिकांत चार-चारांचा. पुण्यात २०१७ च्या निवडणुकीला ४१ प्रभाग होते, एकेकात साठ हजारांच्या घरात मतदार. तिथे महिलांच्या मागणीला साडेसात हजारांच्या आसपास सह्या आणि जिंकायला पंधरा हजारांवर मतं लागतील. एका दुकानाचा त्रास ज्यांना होतो ती दोन-चार हजार घरं, आणि मतं मागायची तीन किलोमीटरवरच्या सोसायट्यांतून, ज्यांनी ते दुकान पाहिलेलंही नाही. मोठ्या शहरांत हे हत्यार बोथट पडतं ते इथे. प्रभागाची हद्द जितकी मोठी, तितका दुकानदार निर्धास्त. तुमचं गाव लहान आहे ही तुमची जमेची बाजू. तरीही पहिला अर्ज हाच करा: 'अमुक परवाना ज्या वॉर्डात किंवा प्रभागात येतो त्याचा क्रमांक, त्याच्या सीमा, आणि मागणीसाठी कोणती मतदार यादी ग्राह्य धरली जाईल हे लेखी कळवावे.' हे लेखी घेतलं नाही तर सह्या एका यादीवर गोळा होतात आणि पडताळणी दुसऱ्या यादीवर होते. प्रभागरचना बदललेली असेल तर हमखास.

त्याच सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. मागायचं ते असं: त्या पत्त्यावरच्या प्रत्येक परवान्याची प्रत, मंजूर नकाशा आणि चतुःसीमा, शेवटच्या नूतनीकरणाचा आदेश, गेल्या तीन वर्षांतल्या तपासण्यांचे शेरे व विभागीय गुन्हे (परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल खात्याने नोंदवलेले), आणि २००८ चा आदेश आजपर्यंतच्या दुरुस्त्यांसह. शेवटचं विसरू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारे नमुने जुने असतात आणि कार्यालय चालतं ते आज लागू असलेल्या मजकुरावर. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात यादीचं काम सुरू करा.

परवान्याचे प्रकार नीट ओळखा, कारण एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळे परवाने असतात. देशी दारूचं किरकोळ दुकान म्हणजे सीएल-३. ज्याला आपण वाईन शॉप म्हणतो, जिथे विदेशी मद्याच्या बंद बाटल्या मिळतात, ते एफएल-२. बसून पिण्याची परमिट रूम एफएल-३. बिअर शॉपी एफएल/बीआर-२. तुमच्या निवेदनात नुसतं 'दारूचा अड्डा बंद करा' असं असेल तर कार्यालयाला त्यावर काही करता येत नाही. परवान्याचा प्रकार, क्रमांक, परवानाधारकाचं नाव, पत्ता, आणि 'हे सर्व परवाने बंद करण्यासाठी मतदान घ्यावे' ही मागणी ठळक लिहा. देशी बंद झालं आणि शेजारची परमिट रूम राहिली, तर तीच गिऱ्हाइकं दहा पावलं पुढे सरकतात.

आता मतदार यादी. नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी विधानसभेची यादी प्रभागवार फोडली जाते. म्हणजे प्रभागाची जी यादी तुमच्या हाती पडेल ती मागच्या निवडणुकीच्या वेळची. स्थानिक निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या की यादीही तेवढीच शिळी होते. तिची छापील प्रत घ्या, पानं सुटी करा, गल्लीनुसार वाटून द्या आणि प्रत्येक महिलेच्या नावापुढे पेन्सिलने पाचपैकी एक खूण करा: आहे, बाहेरगावी, मयत, दुबार, माहीत नाही. हे काम दोन-तीन आठवडे खातं आणि कंटाळवाणं आहे, पण यानंतर तुमच्या हातात जे असतं ते दुकानदाराकडे नसतं. वरच्या उदाहरणात २,८६० पैकी ३०० नावं मयत, दुबार किंवा कायमची स्थलांतरित निघाली, तर प्रत्यक्षात उरतात २,५६०, आणि त्यांतून १,४३१ काढायची म्हणजे जवळपास ५६ टक्के. ही तीनशे नावं यादीतून गेली तर लागणारा आकडा १,२८१ वर येतो. दीडशे मतं कमी. एवढी मतं प्रचाराने मिळवायला महिना जातो.

नावं वगळण्यासाठी नमुना ७ असतो. मयतासाठी मृत्यू दाखल्याची प्रत जोडा. दोन सूचना. एक, दुसऱ्याच्या नावाने गठ्ठ्याने अर्ज देऊ नका, त्यांवर संशय घेतला जातो आणि खोट्या माहितीबद्दल तुम्हीच अडकता. ज्या घरातला माणूस गेला त्या घरच्यानेच अर्ज द्यावा. दोन, विधानसभेच्या यादीतून नाव गेलं म्हणजे प्रभागाच्या यादीतून आपोआप गेलं असं होत नाही. मतदान कोणत्या दिनांकाच्या यादीवर होणार ते विचारून मगच यात वेळ घाला. जुन्याच यादीवर होणार असेल तर हा उद्योग सोडा आणि माणसं आणण्याकडे वळा.

सह्यांचा कागद कसा असावा यावर अर्धी पडताळणी अवलंबून असते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पूर्ण मागणी छापलेली हवी. पहिल्या पानावर मागणी आणि मागे कोरी रकान्यांची पानं असं केलंत, तर दुकानदाराचा वकील म्हणतो की बायकांनी सह्या पाण्याच्या नळासाठी केल्या होत्या, आणि चार बायका तसं लिहूनही देतात. रकाने असे: क्रमांक, यादी भाग क्रमांक, यादीतला अनुक्रमांक, यादीप्रमाणे नाव, मतदार ओळखपत्र क्रमांक, घराचा पत्ता, सही किंवा अंगठा, तारीख. अंगठा असेल तर डाव्या हाताचा, शेजारी साक्षीदाराचं नाव आणि सही. एका पानावर पंधरापेक्षा जास्त ओळी नकोत, सह्या एकमेकींवर चढतात.

आणि 'यादीप्रमाणे नाव' हा रकाना सर्वांत जास्त घात करतो. आपल्याकडे लग्नानंतर पहिलं नावही बदलतं. यादीत आहे 'सुमन दत्तात्रय', सासरी सगळे हाक मारतात 'सुनीता', बँकेच्या पासबुकावर तिसरंच काहीतरी. कागदावर ती 'सुनीता' लिहून सही करते आणि पडताळणीत नाव सापडत नाही म्हणून सही बाद. सही गोळा करणारीच्या हातात यादीचं पान असलंच पाहिजे. आधी यादीत बोट ठेवून नाव शोधायचं, अनुक्रमांक लिहायचा, नाव अक्षरशः तसंच उतरवायचं, मगच कागद त्या बाईपुढे करायचा. घाईत एका सुशिक्षित मुलीने दहा बायकांच्या सह्या स्वतःच ठोकून दिल्या तर त्या दहा जातातच, वर संपूर्ण गठ्ठ्यावर शंका येते. एकसारखं अक्षर, एकच पेन, एकाच दाबाची रेघ तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

७१५ लागत असतील तर ७२० वर थांबू नका. किमान एक हजार घ्या. गळती कुठे होते ते वर आलंच: नावं न जुळणं, दुबार, प्रभागाबाहेरच्या, पडताळणीला न येणाऱ्या, दबावाने मागे फिरणाऱ्या. एक हजारांतून सातशे पंधरा टिकणं हे चांगलं काम समजा. सगळ्या पानांना क्रमांक द्या, संपूर्ण संच स्कॅन करा, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करून उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. एक प्रत तहसीलदारांना. कोणा आमदाराच्या हस्ते फोटो काढून निवेदन 'सुपूर्द' करण्याची हौस असेल तर ती नंतर भागवा. त्या फोटोतलं निवेदन कुठल्या टेबलावर गेलं हे पुढे सापडत नाही.

मग येते पडताळणी. शाळेच्या खोलीत किंवा नगरपरिषदेच्या सभागृहात टेबल लागतं, निरीक्षक आणि महसूलचा माणूस बसतो, यादीतलं नाव पुकारलं जातं, बाई पुढे येते, ओळखपत्र दाखवते, 'ही सही तुमचीच का, कशासाठी केली' असं विचारलं जातं. बाहेर मोटारसायकलला टेकून दुकानाची दोन माणसं उभी असतात. काही बोलत नाहीत, फक्त कोण आत जातंय ते बघतात. जिचा नवरा त्या दुकानात हमाली करतो, जिच्या घरावर दुकानदाराचे वीस हजार आहेत, ती दारातून परत फिरते. हे टाळायचं तर बायकांनी एकेकट्या जाऊ नये. गल्लीवार वेळ ठरवा, पंधरा-वीसच्या घोळक्याने जा, पोलिस बंदोबस्ताची मागणी आधीच लेखी द्या. दिवसही महत्त्वाचा. मंगळवारी सकाळी अकराला ठेवलेल्या पडताळणीला शेतमजूर, धुणंभांडी करणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या कशा येणार? नोटीस हाती पडताच रविवार किंवा संध्याकाळची वेळ मागणारं पत्र द्या. दिली नाही तरी पत्र फाईलला लागतं आणि पुढे अपिलात तेच बोलतं.

या टप्प्यावर दुकानदाराचा ठरलेला डाव म्हणजे स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्रं: 'माझी सही फसवून घेतली.' त्याला उत्तर म्हणून सह्या घेतानाच प्रत्येक गल्लीत एक छोटी बैठक घ्या, मागणी मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याचं मोबाईलवर चित्रण ठेवा. मागे फिरलेल्या बाईशी भांडू नका. गुप्त मतदानात ती तुमचीच असते.

पडताळणी पार पडली की तारीख लागते, आणि तारीख कुठली लागते याला फार वजन आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात बायका माहेरी असतात. कांदा काढणी, ऊसतोडणीचा हंगाम, लग्नसराईची दाट तिथी, गावची जत्रा हे सगळे दिवस उभ्या बाटलीचे. जिल्हाधिकाऱ्यांना सुचवायच्या तीन-चार तारखा तुम्हीच काढून द्या, शक्यतो रविवार, आणि त्या का सोयीच्या आहेत ते एका ओळीत लिहा. केंद्रं किती आणि कुठे हेही मागा. अडीच-तीन हजार मतदारांना एकच केंद्र दिलं तर दुपारी रांग लागते आणि लहान मूल कडेवर असलेली बाई वीस मिनिटांत घरी परतते. मतदानाच्या दिवशी परिसरातली मद्यविक्री बंद ठेवण्याचा आदेश कायद्याच्या कलम १४२ खाली काढता येतो, तोही मागून घ्या.

मतदानाच्या आदल्या चार दिवसांत काय होतं ते ओळखीचं आहे. अचानक एखादा 'महिला मंडळ दर्शन सहल' म्हणून दोन बसगाड्या सांगतो, सकाळी सहाला निघून रात्री परत. साड्या वाटल्या जातात. 'दुकान बंद झालं तर हातभट्टी सुरू होईल, पोरं विषारी पिऊन मरतील' अशी कुजबुज पसरते. सहलीची बातमी लागली की मतदान अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्याहून महत्त्वाचं, ज्या बायकांची नावं गेली आहेत त्यांच्या घरी संध्याकाळी जाऊन बसा. देवदर्शन पुढच्या रविवारी होऊ शकतं हे शेजारणीने सांगितलेलं जास्त पटतं.

मतपत्रिकेची गफलत वेगळीच. 'उभी बाटली रद्द करायची' म्हणून बायका रागाने उभ्या बाटलीवरच शिक्का मारतात, कारण आपल्याला फुली मारणं म्हणजे खोडणं अशी सवय. अशा प्रत्येक शिक्क्याने आडव्या बाटलीचं एक मत जातं. प्रचारात एकच वाक्य ठेवा: 'शिक्का आडव्या बाटलीवर.' उभ्या बाटलीचं चित्र आपल्या पत्रकावर छापूच नका. नमुना मतपत्रिका मोठी करून घरोघर दाखवा, लिहिता-वाचता न येणाऱ्या आजींकडून दोनदा बोट ठेवून घ्या. दोन्ही चित्रांवर शिक्का किंवा शिक्क्याऐवजी अंगठा असला की मत बाद होतं, आणि बाद मतही शेवटी उभ्या बाटलीच्या कामी येतं.

दिवसभर केंद्राबाहेर तुमची यादी उघडी हवी. ठरलेल्या अंतराबाहेर टेबल टाका, मतदान करून आलेल्या बाईचं नाव खोडा, दर दोन तासांनी गल्लीवार उरलेली नावं काढा आणि त्या त्या गल्लीच्या बायकांना फोन करा. दुपारी दोनपर्यंत लागणाऱ्या आकड्याच्या साठ टक्के झालं नसेल तर रिक्षा बाहेर काढायची वेळ आली. संध्याकाळची गर्दी वाचवेल यावर विसंबू नका, पाच वाजता स्वयंपाक आणि पाणी असतं. मोजणी बहुधा त्याच दिवशी होते. तुमच्या बाजूच्या प्रतिनिधीला आत बसू द्यावं ही मागणी आधीच केलेली असावी. निकालाच्या कागदावर एकूण महिला मतदार, झालेलं मतदान, उभी, आडवी, बाद असे पाचही आकडे आहेत हे पाहूनच तिथून हला.

जिंकलात तर जिल्हाधिकाऱ्यांचा बंदचा आदेश निघतो. आता दुकानदार गप्प बसेल असं समजू नका. कलम १३७ खाली राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील, कलम १३८ खाली शासनाकडे पुनरीक्षण, आणि थेट उच्च न्यायालय, हे तीन रस्ते त्याला मोकळे आहेत. त्याचे मुद्दे ठरलेले: पडताळणीची नोटीस मिळाली नाही, यादी चुकीची घेतली, सह्या बोगस. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या संबंधित खंडपीठात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करा, ते नव्वद दिवस चालतं, मग नवीन करावं लागतं. आयुक्तांच्या कार्यालयातही 'आम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये' असं पत्र पोहोचवा. एकतर्फी स्थगिती मिळाली की दुकान उघडतं, आणि उघडलेलं दुकान पुन्हा बंद करायला बायकांमध्ये पहिल्यासारखं बळ उरत नाही.

दुसरी गोष्ट, परवाना मरत नाही. १९७० च्या दशकापासून महाराष्ट्रात देशी दारू आणि वाईन शॉपचे नवे किरकोळ परवाने देणं शासनाने थांबवलेलं होतं. त्यामुळे जुन्या परवान्याला सोन्याचा भाव. तुमच्या प्रभागात बंद झालेलं दुकान दुसरीकडे हलवण्याची परवानगी मागितली जाते, आणि ती दुसरी जागा प्रभागाची हद्द संपते त्या रस्त्याच्या पलीकडची असू शकते. स्थलांतराच्या अर्जावर नजर ठेवा, दर महिन्याला अधीक्षक कार्यालयात विचारणा करा आणि पलीकडच्या प्रभागातल्या बायकांशी आतापासूनच ओळख वाढवा. हरकत त्यांना घ्यावी लागेल.

हातभट्टीची भीती मात्र पूर्ण खोटी नाही. परवानाधारक दुकान गेलं की टपरीमागून बाटल्या विकणारे येतात. विनापरवाना विक्रीवर कलम ६५, गुत्ता चालवण्यावर कलम ६८, सराईताकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेण्यासाठी कलम ९३. तक्रार करताना जागा, वेळ, कोण आणतो आणि माल कशातून येतो हे लिहा. 'गावात सर्रास विक्री सुरू आहे' अशा तक्रारीवर पोलिस फेरी मारून 'काही आढळले नाही' असा शेरा देऊन मोकळे होतात.

आणि हरलात तर? फसलेलं मतदान लगेच पुन्हा लावून मिळत नाही, म्हणून अर्धवट तयारीने मतदान ओढवून घेण्यापेक्षा सहा महिने थांबलेलं बरं. शिवाय प्रत्येक ठिकाणी मतदान हेच औषध असतं असंही नाही. शाळा, मंदिर, एसटी स्थानक यांपासून नियमाने ठरलेलं अंतर पाळलेलं नसेल तर ते मोजून घ्या. मोजणी भूमापन विभागाकडून करवून घ्या, आपली टेप कोणी मानत नाही. वेळेबाहेर विक्री, अल्पवयीनाला विक्री, दुकानासमोर रस्त्यावर पिणं याचे पंचनामे साठले तर कलम ५४ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, त्याला एकही मत लागत नाही. तुमच्या परमिट रूमसाठी हा रस्ता कदाचित जवळचा ठरेल. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा तक्रारींची फाईल जानेवारीतच अधीक्षकांच्या टेबलावर असू द्या.

महामार्गाचा मुद्दा अनेक जण अजूनही पुढे करतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली, मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केलं, आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना ही मनाई लागू नसल्याचं स्पष्ट केलं. तुमचं दुकान नगरपरिषदेच्या हद्दीत असल्याने त्यावर वेळ दवडू नका. नवीन दुकान सोसायटीच्या गाळ्यात येत असेल तर गोष्ट वेगळी: मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या ना-हरकतीशिवाय तिथे नव्या बिअर किंवा वाईन शॉपला परवानगी मिळणार नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचा याहून थेट अधिकार दिला आहे, पण नगरपरिषदेला तो नाही.

वर्धा, गडचिरोली, किंवा २०१५ ते २०२१ मधलं चंद्रपूर यांचे दाखले सभांमध्ये दिले जातात. ती जिल्हाभराची दारूबंदी राज्य सरकारच्या निर्णयाने झाली, आणि चंद्रपूरची सरकारच्याच निर्णयाने उठली. तुमच्या मार्गाशी तिचा संबंध नाही.

तेव्हा उद्या सकाळी नगरपरिषदेच्या निवडणूक विभागात जा आणि तुमच्या प्रभागाच्या यादीची प्रत मागा. परत आलेल्या त्या चारशे सह्या फेकू नका. त्यातली नावं यादीशी ताडून पाहा, किती जुळतात ते मोजा. पुढे एक हजार गोळा करताना शंभरामागे किती गळतील याचा अंदाज तुम्हाला तिथेच मिळेल.